झिजलेलं घड्याळ घेताना

मंडळी, साठ वर्षांचं भारीतलं घड्याळ विकायला आलंय आणि ते नव्यासारखं झळकतंय, हे पाहून बहुतेकांचे डोळे चमकतात. मला मात्र शंका येते. इतकी वर्षं मनगटावर राहिलेल्या स्टीलवर ओरखडे नाहीत, म्हणजे ते कुणीतरी घासून काढलेत. आणि नुसते ओरखडे घासता येत नाहीत, धातूही जातो. पट्टा अडकवायचे जे चार कान असतात ना, ते भिंगाखाली पाहा. मूळच्या कडा बोटाला जाणवतील इतक्या धारदार असतात. दोन-चार पॉलिशनंतर त्या वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल होतात आणि कान एकमेकांशी जुळेनासे होतात. गेलेला धातू परत आणता येत नाही. म्हणून ओरखड्यांनी भरलेलं, पण जाड कानांचं घड्याळ मी डोळे झाकून पसंत करीन.

हॉलिवूडचे नट पॉल न्यूमन यांचं रोलेक्स डेटोना घड्याळ 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. वर्षानुवर्षं वापरलेलं घड्याळ ते, मागच्या झाकणावर बायकोने कोरून घेतलेला ‘जपून गाडी चालव’ असा निरोप. नाव मोठं होतं, कबूल. पण तो निरोप घासून कुणी झाकण गुळगुळीत केलं असतं तर?

तबकडीकडे मात्र जास्त वेळ द्या. सहाच्या खाली अगदी बारीक अक्षरांत ‘टी स्विस टी’ दिसलं, तर चमकणारा लेप ट्रिटियमचा, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचा. त्याचं अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मंच उरतं. तेव्हा 1960 च्या दशकातली तबकडी आज अंधारात रात्रभर लखलखत असेल, तर तो लेप मागाहून चढवलाय असं समजा. त्याआधी लेपात रेडियम असायचं, तेही किरणोत्सारी; त्याची गोष्ट उलटी आहे. चमक केव्हाच विझलेली असते, कारण लेपातलं उजेड देणारं झिंक सल्फाइड खचतं. रेडियम मात्र 1,600 वर्षांत जेमतेम निम्मं होतं. त्याची धूळ श्वासात जाणं वाईट, म्हणून असलं घड्याळ घरी हौसेने उघडू नका.

घेतल्यावर जपायचं ते आतलं यंत्र. तेल सुकलं की चाकांचे आस कोरडे घासतात, आणि घड्याळ वेळ बरोबर दाखवत असतानाही हे चालू असतं. सर्व्हिसिंगला देताना पावतीवरच लिहून घ्या: पॉलिश नको, तबकडी-काटे बदलायचे नाहीत, बदललेला प्रत्येक भाग परत हवा. तोंडी सांगून भागत नाही; चांगुलपणापोटीच लोक काटे नवे बसवून देतात. आणि झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी हात धुताना काढून ठेवा, आतलं रबर कधीचं कडक झालेलं असतं.

घासायची अगदीच हौस असेल, तर जुन्या घड्याळांवरची प्लॅस्टिकची काच आहे. मऊ फडकं, थोडी पॉलिशची पेस्ट, आणि खुशाल घासा. बिघडली तर काच बदलता येते.