आजीची पट्टी

(महाल, नागपूर. जुन्या घराची ओसरी, सकाळचं ऊन.)

सहाव्या तारेची खुंटी उलटी फिरते आहे. तार ढिली पडत जाते, सूर खाली उतरतो. ही नात दोन वर्षं गिटारच्या क्लासला जाते. तिथे लावायला शिकवलेल्या तारा आज ती आजीच्या एका गाण्यासाठी उतरवते आहे.

गाणं भुलाबाईचं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात मुली ही गाणी म्हणतात. पाटावर मातीची भुलाबाई आणि भुलोजी, साथीला टाळ्या नाहीतर टिपऱ्या, आणि शेवटी बंद डबा हलवून खाऊ ओळखायचा. आजीला ही गाणी कोणी बसून शिकवली नाहीत. फेर धरता धरता आली.

(पहिल्या दिवसाचं चित्रण.)

त्या दिवशी नातीने सी कॉर्ड (एकत्र वाजणारे काही सूर) धरली आणि म्हणाली, "आजी, या सुरात म्हण." वरच्या ओळीला आवाज चिरला. "नाई जमत वं माय आता," आजी म्हणाली आणि तिने पदर सावरला.

चूक आजीची नव्हतीच. पेटीवर सूर शोधला, तेव्हा आजीची पट्टी निघाली काळी तीन, म्हणजे पेटीच्या सप्तकातली तिसरी काळी पट्टी हा तिचा सा. लहानपणापासूनची गाणी तिच्या गळ्यात याच पट्टीत बसली आहेत. ती कशाला हलवायची? हलायचं ते गिटारने.

त्यासाठी कॅपो असतो. गिटारच्या मानेवर बसणारा हा चाप एका फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या एका आडव्या धातूच्या पट्टीला, अर्धा सूर वर नेतो. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ई कॉर्डचा आकार धरला की काळी तीन मिळते. मिळालीही. तरी गाणं बसेना.

(निवेदन थांबतं. फक्त आजीचा आवाज आणि कॉर्ड.)

ऐकलंत? आजीचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा किंचित उतरलेला आहे. गिटारचे फ्रेट पक्के ठोकलेले, त्यांना तेवढं उतरता येत नाही. कॉर्डमधला गंधार आजीच्या गंधाराला घासतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, म्हातारी बेसूर गाते. ती बेसूर नाही.

म्हणून सकाळची ती खुंटी. सहावी, दुसरी आणि पहिली, या तीन तारा एकेक पूर्ण सूर खाली. आता जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत डी, ए, डी, जी, ए, डी. गिटारवाले याला डॅडगॅड म्हणतात. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने १९६०च्या दशकात हे ट्यूनिंग रूढ केलं. मोरोक्कोत औद हे अरबी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांना साथ करताना ते त्याला सुचलं, असं सांगतात. आपल्या भाषेत वाचा: सा, प, सा, म, प, सा. उघड्या तारांत गंधार नाहीच! ती जागा आजीसाठी मोकळी आहे.

मग कॅपो चौथ्या फ्रेटवर. डीचा सा चार अर्धे सूर चढून काळी तीनवर येतो. नातीची बोटं बघा: चाप फ्रेटच्या अगदी पाठीला टेकवते, कारण मागे राहिला तर दाबाने तारा चढतात. बसवल्यावर पुन्हा एकेक तार तपासते. ऑक्टोबरच्या उन्हात तारा उतरतात, त्यामुळे दुपारी हेच सगळं परत करावं लागलं.

डाव्या हाताला आता फारसं काम नाही. उजव्या हाताचा अंगठा सहा मात्रांचा ठेका धरतो आणि ओळ संपते तिथे थांबतो. आजी तिथे श्वास घेते. कधी लांब, कधी आखूड. तो मोजून शिकता येत नाही, तिच्याकडे बघूनच शिकावा लागतो. यात चार दिवस गेले.

(कोजागिरीची रात्र. गच्ची, दुधाचं पातेलं.)

एके काळी या गल्लीत घरोघरी भुलाबाई बसायची, आता या एका घरात बसते.

महिनाभर गाऊन आजीचा आवाज आज जरा बसला आहे. नात तिच्याकडे एकदा बघते आणि कॅपो चौथ्यावरून तिसऱ्या फ्रेटवर घेते. पांढरी चार. आजी टाळी देते.

(गाणं. शेवटपर्यंत, न कापता.)