आधी अर्ज, मग प्रदर्शन

श्रोतेहो, नमस्कार.

कांद्याची रोपं लावणारं एखादं अवजार तुम्ही स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवलं आणि ते शेतात नीट चाललं. आता साहजिकच वाटणार, कृषी प्रदर्शनात ठेवावं, व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकावा. माझी कळकळीची विनंती आहे, थोडं थांबा. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, आणि तो नवा आहे की नाही हे अर्जाच्या तारखेवर ठरतं. त्याआधी तुम्हीच तो जगजाहीर केलात, तर तुमचाच व्हिडिओ तुमच्या आड येतो. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे खरी, पण तालुक्याच्या मैदानावर भरणारं प्रत्येक प्रदर्शन त्यात बसत नाही.

हे आधीपासून कुणाला ठाऊक होतं का, हा प्रश्न किती निर्णायक असतो ते हळदीच्या प्रकरणात दिसलं. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. आपल्याकडचे जुने लिखित पुरावे संस्थेने तिथल्या कार्यालयापुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. म्हणून अर्जाआधी जुनी पेटंटं शोधून पाहा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येतात.

यंत्र अजून पक्कं झालेलं नसेल तरी अर्ज अडत नाही. त्यासाठी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जाची सोय आहे. शोधाचं वर्णन लिहायचं, आकृत्या जोडायच्या आणि तारीख मिळवायची. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे, अँटॉप हिलला जातात, पण ते घरबसल्या ऑनलाइन भरता येतात. साधारण लांबीच्या अर्जाला एकट्या संशोधकासाठी, स्टार्टअपसाठी किंवा लहान उद्योगासाठी शुल्क १,६०० रुपये आहे. मोठ्या कंपनीला ८,००० पडतात. मात्र प्रोव्हिजनलमध्ये जेवढं लिहिलंत तेवढ्यालाच ती तारीख लागू होते, आणि १२ महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील दिला नाही तर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं.

या संपूर्ण तपशिलातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे शेवटी येणारे दावे, म्हणजेच क्लेम. सातबाऱ्याच्या जमिनीला जशी चतुःसीमा असते, तशी तुमच्या शोधाची हद्द हे दावे ठरवतात. समजा, आपल्या अवजारात रोप धरणारी लोखंडी पट्टी आहे आणि दाव्यात तुम्ही नेमकं 'लोखंडी पट्टी' असंच लिहिलंत. उद्या कुणी प्लॅस्टिकची पट्टी लावून तेच अवजार विकायला लागला, तर त्याला अडवणं कठीण जातं. दावा फार मोघम लिहिला, तर तपासणी अधिकारी म्हणतात, हे तर आधीच माहीत होतं. या दोहोंच्या मधली रेघ आखणं हे कसबाचं काम आहे. इतर कुठे काटकसर करायची तर करा, पण दावे लिहिताना नोंदणीकृत पेटंट एजंटची मदत घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

सगळ्याच गोष्टींना पेटंट मिळत नाही. शेतीची पद्धत, नुसता संगणक प्रोग्राम, पारंपरिक ज्ञान, वनस्पतींची जात, ही सगळी कायद्याच्या तिसऱ्या कलमाने वगळली आहेत. धानाचं नवं वाण काढलंत तर त्याची नोंदणी २००१ च्या वेगळ्या कायद्याखाली होते.

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणी मात्र आपोआप सुरू होत नाही, ती वेगळी मागावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. ती चुकली तर अर्ज मागे घेतला असं धरतात. अर्जदारांत महिला असेल किंवा स्टार्टअप असेल, तर लवकर तपासणी मागता येते. तपासणीचा पहिला अहवाल आक्षेपांनी भरलेला असतो. त्याने खचू नका. उत्तराला सहा महिने मिळतात.

पेटंट हाती आलं की अनेकजण ते प्रमाणपत्र भिंतीवर लावतात आणि विसरून जातात. इथेच घात होतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पण तिसऱ्या वर्षापासून दर वर्षाचं शुल्क भरलं तरच. व्यक्तीसाठी ते सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८०० रुपये, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि शेवटची पाच वर्षं ८,००० असतं. वीस वर्षांची बेरीज ७६,८०० रुपये होते. पेटंट पाचव्या वर्षी मिळालं, तर मागची थकलेली वर्षंही नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरावी लागतात. कार्यालय आठवण करून देईल या भरवशावर राहू नका. मुदत चुकली तर उशीर शुल्क देऊन सहा महिने मिळतात. तेही गेले आणि पेटंट बंद पडलं, तर १८ महिन्यांच्या आत ते पुन्हा चालू करण्याचा अर्ज करता येतो, पण चूक हेतुपुरस्सर नव्हती हे पटवून द्यावं लागतं.

शिवाय दर तीन आर्थिक वर्षांतून एकदा, हा शोध देशात प्रत्यक्ष वापरात आहे का, याचं निवेदन द्यायचं असतं. हा नुसता कागद समजू नका. बायर कंपनीच्या कॅन्सरवरच्या पेटंट असलेल्या औषधाचा महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवर होता. ते भारतात पुरेसं आणि परवडणाऱ्या दरात मिळत नाही, म्हणून २०१२ मध्ये नॅटको कंपनीला ते बनवायचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवायचा परवाना, दिला गेला, आणि नॅटकोचा महिन्याचा दर ८,८८० रुपये ठरला.

ज्यांचं पेटंट चालू आहे आणि हाती थोडे पैसे आहेत, त्यांनी पुढची किमान चार वर्षं एकदम ऑनलाइन भरावीत. त्यावर दहा टक्के सवलत मिळते. नमस्कार.