पॅरिसमधला पिकासोचा अड्डा: आत नक्की काय असतं?

तर मंडळी, माझ्या मागे हे गुलाबी घर दिसतंय ना, हिरव्या खिडक्यांचं, हाच तो पॅरिसच्या मोंमार्त्र भागातला लापँ आजील, म्हणजे गाण्यांचा जुना बार. भिंतीवरचा ससा बघा, शिजायला ठेवलेल्या पातेल्यातून उडी मारून बाहेर आलाय आणि वर हातावर दारूची बाटली तोलतोय! आंद्रे जिल नावाच्या व्यंगचित्रकाराचं मूळ चित्र, एकोणिसाव्या शतकातलं.

१९०० नंतर इथे फ्रेदे नावाचा दाढीवाला माणूस बार चालवायचा, गिटार वाजवायचा, आणि खिसे रिकामे असलेले चित्रकार-कवी इथे पडीक असायचे. पिकासो त्यातलाच. त्याने १९०५ मध्ये या बारचं चित्र काढलं, स्वतःला विदूषकाच्या चौकड्यांच्या कपड्यात दाखवलंय, मागे गिटार घेतलेला फ्रेदे. चित्र इथेच भिंतीवर लटकत होतं, १९१२ मध्ये फ्रेदेने ते किरकोळ पैशात विकून टाकलं, आणि १९८९ मध्ये लिलावात त्याच चित्राला मिळाले चार कोटी डॉलरच्या वर! आता ते न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे, त्यामुळे ते बघायला इथे येऊ नका, प्लीज.

पण मला पिकासोपेक्षा फ्रेदेचं गाढव जास्त आवडतं. नाव लोलो. १९१० मध्ये दोर्जलेस नावाच्या लेखकाने मॉडर्न आर्टवाल्यांची जिरवायची म्हणून लोलोच्या शेपटीला ब्रश बांधला, समोर कॅनव्हास ठेवला, गाढव शेपूट हलवतंय, रंग लागतोय, आणि हे सगळं कोर्टाच्या माणसाला साक्षीला बसवून बरं का! मग ते चित्र बोरोनाली नावाच्या इटालियन चित्रकाराचं म्हणून खरोखरच्या प्रदर्शनात लावलं आणि नंतर पेपरात सगळं फोडलं. शंभर वर्षांपूर्वीचा प्रँक व्हिडिओच हो, फक्त कॅमेरा नव्हता.

आता आत काय असतं? अंधारी खोली, लाल शेडचे दिवे, धुराने काळपटलेल्या भिंती, जड लाकडी टेबलं. स्टेज नाही, माइक नाही. तुमच्यासारखेच टेबलाभोवती बसलेले लोक अचानक गायला लागतात, तेव्हा कळतं की अरे हे तर कलाकार! पियानोवर एकजण, अकॉर्डियन असलं तर असलं, आणि जुनी फ्रेंच गाणी, आपल्याकडच्या घरगुती बैठकीसारखं एकदम. छोट्या ग्लासात दारूत मुरवलेल्या चेरी देतात, गोड लागतात म्हणून भराभर खाऊ नका, चढतात.

फ्रेंच येत नसेल तर विनोद डोक्यावरून जातात, हे खरंय, पण धृपद सगळे मिळून गातात तेव्हा तुम्हीही ला ला करत घुसा, कोणी काही म्हणत नाही. जेवण मात्र मिळत नाही, पोटभर खाऊन जा. शो रात्री नऊच्या सुमारास सुरू होतो, सोमवारी बंद, बाकीचे वार आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. मेट्रो लामार्क-कोलँकूर, लाइन १२, आणि तिथून वर चढ आहे, उंच टाचांच्या चपला घालून येणार असाल तर विचार करा.