शंभर मीटरवरून निळा देवमासा

(मिरिसा बंदर, पहाट. धक्क्यावरचे दिवे, परतणाऱ्या मासेमारी होड्या.)

श्रीलंकेचा दक्षिण किनारा, मातारा जिल्हा, मिरिसा बंदर. अजून पुरतं उजाडलेलं नाही. एकीकडे रात्रभर समुद्रात असलेल्या होड्यांमधून ट्यूना उतरतोय, धक्क्यावर बर्फाचा चुरा पसरलाय. दुसरीकडे दुमजली पर्यटक बोटी दोर सोडायच्या तयारीत आहेत. २००४च्या त्सुनामीने हा किनारा झोडपून काढला. २००९मध्ये यादवी युद्ध संपलं, हळूहळू पर्यटक येऊ लागले, आणि जाळी ओढणाऱ्या हातांना देवमासे दाखवायचं नवं काम मिळालं. आमच्या बोटीचा तांडेलही त्यांतलाच. आधी मासेमारी, आता हे.

इंजिन सुरू होण्याआधी तटरक्षक दलाचा जवान बोटीवर चढतो, माणसं मोजतो, यादीशी ताळा जुळवतो. प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट हवंच. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी इथेच, जमिनीवर असताना घ्यायची. लाटांत गेल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

(मोकळा समुद्र. डावीकडे लांबवर दीपगृह.)

डाव्या हाताला दिसतंय ते दोंद्रा टोकाचं दीपगृह. पांढरं, अष्टकोनी, ४९ मीटर उंच. श्रीलंकेची भूमी इथे संपते. इथून नाकासमोर दक्षिणेला निघालात, तर थेट अंटार्क्टिका येईपर्यंत जमीन लागत नाही.

देवमासे बघायला मात्र फार लांब जावं लागत नाही. त्याचं कारण पाण्याखाली आहे. जगातल्या बऱ्याच किनाऱ्यांना लागून उथळ समुद्राचा रुंद पट्टा असतो. दोंद्रापाशी हा पट्टा अगदी चिंचोळा आहे. किनाऱ्यावरचे माड अजून दिसत असतात आणि खालचा तळ एकदम खचतो. काही किलोमीटरांत खोली हजार मीटरच्या पलीकडे जाते. मोसमी वारे आणि प्रवाह बेटाला वळसा घालून जातात, तेव्हा खोलातलं थंड, कसदार पाणी वर येतं. त्या पाण्यावर सूक्ष्म वनस्पती पोसतात, त्यांच्यावर बारीक जीव, आणि त्या बारीक जिवांवर पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा.

(फिरकी डॉल्फिनांचा कळप. एक उडी, हवेतली गिरकी, संथ गतीत.)

वाटेत हे भेटतात. फिरकी डॉल्फिन. नाव का पडलं ते चित्रात दिसतंयच. तांडेल इंजिनाचा वेग कमी करतो, पण कळपात घुसत नाही. डॉल्फिनांना बोटीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, खेळायचं असेल तर ते आपणहून येतात. आज आले.

(वरच्या डेकवर उभा मार्गदर्शक. दुर्बीण. क्षितिज.)

यानंतरचा बराच वेळ असाच जातो. कुणी बोलत नाही. मार्गदर्शक क्षितिजावरून नजर फिरवत राहतो, आणि तो नेमकं काय शोधतोय हे समजून घेतलं की आपल्यालाही शोधता येतं. देवमाशाचा फवारा म्हणजे पोटातलं पाणी उडवणं नव्हे. तो त्याचा श्वास आहे. फुप्फुसांतली उबदार दमट हवा प्रचंड दाबाने बाहेर पडते आणि तिच्यात नाकपुड्यांवरचं थोडं पाणी मिसळून धुक्याचा खांब उभा राहतो. निळ्या देवमाशाचा हा खांब सरळ उभा असतो, नऊ मीटरपर्यंत उंच जाऊ शकतो. या पाण्यात स्पर्म व्हेलही असतात. त्यांचा फवारा बुटका असतो आणि पुढे, डावीकडे झुकलेला. सराईत माणूस देवमासा दिसण्याआधी नुसत्या फवाऱ्यावरून जात सांगतो.

(पहिला फवारा. दूर, उजवीकडे.)

तो बघा.

आणि इथे प्रत्येक तांडेलाची परीक्षा सुरू होते. फवारा दिसला की डेकवरून एकच ओरडा होतो: जवळ चला. प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. शेजारची बोट वेगाने सुटलेली असते. अशा वेळी हात आखडता घेणं सोपं नाही, कारण हेच प्रवासी संध्याकाळी बोटीबद्दल बरंवाईट लिहिणार असतात.

आता आमच्या तांडेलाकडे लक्ष द्या. त्याने सुकाणू देवमाशाच्या दिशेला वळवलेलं नाही. तो बाजूने, मोठा वळसा घेऊन येतोय. समोरून गेलं तर देवमाशाची वाट अडते. थेट पाठीमागून गेलं तर पाठलाग होतो, आणि पाठलाग होतोय हे त्याला कळतं. म्हणून बाजूला राहून, त्याच्या वाटेला समांतर, त्याच्यापेक्षा जास्त वेग न घेता. श्रीलंकेच्या नियमांत हे अंतर शंभर मीटरचं आहे. २०१२मध्ये वन्यजीव कायद्याखाली हे नियम आले. शंभर मीटरच्या सुमाराला तांडेल गियर काढतो. इंजिन चालू आहे, पंखा थांबलाय. बोट नुसती डोलते.

(पाण्यावर गुळगुळीत गोल. वरून घेतलेलं दृश्य.)

हे गोल बघा. आजूबाजूला बारीक लाटा आणि मध्येच तेल सांडल्यासारखा सपाट चट्टा. देवमासा पृष्ठभागाखाली पोहताना शेपटीच्या प्रत्येक झटक्याबरोबर पाणी वर ढकलतो, त्याचा हा ठसा. एक ठसा, थोड्या अंतरावर दुसरा, मग तिसरा. या तीन ठशांवरून तांडेल ओळखतो की जनावर कुठे निघालंय आणि पुढचा श्वास साधारण कुठे घेईल. मग त्याच्या मागे धावायची गरज उरत नाही. आपण बाजूला थांबायचं, यायचं तर तो येतो.

या कौशल्याचं शिक्षण कुठल्याही पुस्तकात नाही. मासळीचा थवा कुठे वळेल हे ज्याने वर्षानुवर्षं नुसत्या पाण्याच्या रंगावरून ताडलं, त्याच्याकडे ते आधीपासूनच असतं. म्हणूनच मिरिसात चांगला तांडेल हा निव्वळ चालक नव्हे, तोच या सफरीचा खरा मार्गदर्शक आहे.

(पाठ. निळसर करडी, ठिपकेदार. लांबच लांब. मग शेपूट वर.)

(निवेदन नाही. फक्त श्वासाचा आणि पाण्याचा आवाज.)

शेपूट अशी उभी वर आली म्हणजे खोल बुडी. आता साधारण दहा मिनिटं तो दिसणार नाही. जगातले सगळे निळे देवमासे बुडी मारताना शेपूट वर काढत नाहीत. इथले पुष्कळदा काढतात, आणि शेपटीच्या कडांवरच्या खाचा आणि व्रण पाहून अभ्यासक एकेका देवमाशाला ओळखतात. तुमच्या मोबाईलमधला फोटो स्पष्ट असेल, तर त्यांना तो उपयोगी पडू शकतो. आणि त्यासाठीही जवळ जावं लागत नाही.

(पाण्यावर तरंगणारा तांबूस-नारिंगी चट्टा.)

डेकवर काहींनी नाकं मुरडली. ही देवमाशाची विष्ठा आहे, आणि या समुद्राची ओळख तिच्यामुळेच बदलली. पूर्वी समज असा होता की मोठे देवमासे थंड ध्रुवीय पाण्यात खातात आणि उष्ण पाण्यात फक्त पिल्लं घालायला येतात. २००३मध्ये श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्होस एका संशोधन नौकेवर होत्या. एकाच ठिकाणी जमलेले सहा निळे देवमासे त्यांना दिसले, आणि पाण्यावर हाच तांबडा चट्टा. ज्याअर्थी विष्ठा आहे त्याअर्थी खाणं इथेच चाललंय. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी विष्ठेतल्या डीएनएवरून भक्ष्यही शोधलं. इतर ठिकाणचे निळे देवमासे मुख्यतः क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव खातात. इथले आपल्या जवळ्याच्या कुळातली बारीक कोळंबी खातात.

म्हणजे हे पाहुणे नाहीत. उत्तर हिंदी महासागरातले निळे देवमासे अंटार्क्टिकाला जातच नाहीत. ते वर्षभर याच उष्ण पाण्यात राहतात, इथेच खातात, इथेच पिल्लं वाढवतात. अंटार्क्टिकातल्या भाऊबंदांपेक्षा आकाराने लहान, तरी चोवीस मीटरपर्यंत भरतात. त्यांची हाकही इतर महासागरांतल्या निळ्या देवमाशांहून वेगळी आहे. बोट त्यांच्या घरात शिरते. अंतराचा आग्रह आम्ही एवढ्यासाठीच धरतोय.

(रिकामा समुद्र. ढगांच्या सावल्या.)

या पाण्यात बोटी आल्या त्या काही नेहमीच बघायला आल्या नाहीत. १९६३ ते १९६६ या काळात सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी उत्तर हिंदी महासागरात बेकायदा शिकार केली. एडनच्या आखातापासून मालदीव आणि श्रीलंकेच्या भोवतालपर्यंत १,२९४ निळे देवमासे मारले गेले. जगाला दिलेल्या आकड्यांत ते नव्हतेच. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर तिथल्याच शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेल्या खऱ्या नोंदी बाहेर काढल्या. १९७९मध्ये सेशेल्स या बेटराष्ट्राच्या पुढाकाराने, देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने हिंदी महासागर देवमाशांचं अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्यानंतर १९८०च्या दशकात ‘ट्यूलिप’ नावाची शिडाची संशोधन नौका श्रीलंकेभोवती फिरली. शिकार न करता, नुसतं ऐकत आणि टिपत. आज आपण ज्या बोटीवर उभे आहोत तिची परंपरा त्या नौकेशी जुळते.

(एकाच चौकटीत पुढे फवारा, मागे कंटेनर जहाज.)

मागे जाणारं जहाज दोंद्राजवळच्या आंतरराष्ट्रीय जलमार्गावर आहे. जगातल्या अतिशय गजबजलेल्या मार्गांपैकी हा एक, आणि तो देवमाशांच्या खाण्याच्या जागेतूनच जातो. मार्च २०१२मध्ये कोलंबो बंदरात आलेल्या एका जहाजाच्या नाळेवर निळा देवमासा अडकलेला आढळला. हा मार्ग पंधरा सागरी मैल दक्षिणेला सरकवला तर धडकेचा धोका ९५ टक्क्यांनी कमी होईल, असा अभ्यासकांचा हिशोब आहे. २०२२मध्ये एमएससी या जहाज कंपनीने आपली जहाजं स्वतःहून दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली.

(बोट परतीला. डेकवर कलिंगडाच्या फोडी. तांडेल सुकाणूवर.)

दुपार व्हायच्या आत आपण बंदरात असू. मिरिसाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातही सकाळी लवकर, वारा उठण्याआधी. बोट ठरवताना भाव विचारण्याआधी हे विचारा: देवमासा दिसल्यावर तुम्ही गियर काढता का? जो तांडेल या प्रश्नावर खूश होतो, त्याच्या बोटीवर बसा. आणि डेकवर कुणी ‘अजून जवळ’ म्हणून ओरडू लागलं, तर त्याच्या सुरात सूर मिसळू नका. तांडेलाला आपल्या बाजूने एवढा आधार पुरतो.

(त्रिंकोमाली. उंच कडा, मंदिराचं गोपुर, खाली निळं पाणी.)

मे महिन्यात नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की मिरिसाचा समुद्र खवळतो आणि सफरी थांबतात. तेव्हा बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, त्रिंकोमालीला जायचं. तिथलं पाणी त्या दिवसांत शांत असतं, आणि कोनेश्वरम मंदिराच्या कड्याखालून समुद्र लगेच खोल होत जातो. नशीब असेल तर या कड्यावरूनच निळ्या देवमाशाचा फवारा दिसतो. बोट नाही, इंजिन नाही, तिकीट नाही. दुर्बीण तेवढी बरोबर ठेवा.