डेंगू दुसऱ्यांदा होतो तेव्हा

नागपुरात कूलर म्हणजे घरातलाच एक मेंबर, एप्रिल-मेमध्ये त्याच्याशिवाय जमतच नाही, पण पाऊस लागला की त्याला कोणी विचारत नाही, खिडकीत तसाच उभा, टाकीत बोटभर पाणी. एडिस डासाच्या मादीला अंडी घालायला तेवढं बस झालं.

ती चावली की डेंगूचा विषाणू कातडीत उतरतो. तिथे फांद्या फुटल्यासारख्या डेंड्रिटिक पेशी असतात, 1973 साली राल्फ स्टाइनमन यांनी या नावासकट जगासमोर आणल्या. (त्यांना 2011 चं नोबेल मिळालं, पण जाहीर व्हायच्या तीनच दिवस आधी ते गेले.) ही पेशी विषाणूचे तुकडे घेऊन जवळच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे काखेतल्या-जांघेतल्या गाठीत जाते आणि टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवत सुटते, ओळखता का याला? लाखोंमधली एखादीच ओळखते, मग ती स्वतःच्या कॉप्या काढते, त्यातल्या काही विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात, काही बी पेशींना अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला चिकटणारी प्रथिनं, बनवायला लावतात. यात चार-पाच दिवस सहज जातात, तोवर आपण तापाने फणफणलेले.

पण डेंगूचे प्रकार 4. एक होऊन गेला की तो परत सहसा होत नाही, दुसरा मात्र होतो, आणि गंमत तिथेच बिघडते. जुन्या अँटीबॉडी नव्या विषाणूला चिकटतात पण त्याला निकामी करू शकत नाहीत. मॅक्रोफेज नावाच्या गिळखोर पेशीचं काम काय, अँटीबॉडी चिकटलेलं दिसलं की ओढून गिळायचं. तो गिळतो, आणि विषाणूला तर आतच जायचं होतं, तिथेच तो वाढतो! म्हणजे ज्याला आपण पोलीस म्हणतो तोच चोराला घरात घेऊन येतो. मग सगळ्या पेशी एकदम आरडाओरडा करतात, सायटोकाइनचा, म्हणजे त्यांच्या रासायनिक निरोपांचा, नुसता पूर, आणि रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं.

लोक म्हणतात इम्युनिटी कमी पडली. इथे तर ती भलतीकडेच धावली ना बाप्पा.

आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष प्लेटलेट किती यावर, पपईच्या पानांचा रस सुरू, पण डॉक्टर रक्त घट्ट होतंय का तेही बघत असतात, कारण गळती बहुतेक ताप उतरताना सुरू होते, जेव्हा घरचे म्हणतात चला आता सुट्टी द्या. दीड-दोन दिवसांनी ती थांबते, बाहेर गेलेलं पाणी आपोआप रक्तात परतायला लागतं, म्हणून सलाईन कमी करतात, आणि वॉर्डात लगेच कोणीतरी विचारतं, "काऊन बंद केली जी?"