पंचगंगेच्या पाण्यामागोमाग

(प्रयाग चिखलीचा संगम. डिसेंबरची सकाळ. काठावर सामान लादलेल्या सायकली.)

पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस भेटला, की आधी एकच गोष्ट विचारतो : "राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" पंचगंगेची पातळी तिथं मोजतात. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं होतं. तेव्हा आंबेवाडी आणि चिखलीच्या लोकांना घरं सोडावी लागली होती.

पाऊस सरला, की फुटांची भाषा थांबते. तेच पाणी पुढं कुठं जातं, कुणाच्या घागरीत जातं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ते विचारायला सातजण सायकलवरून निघालेत. ही फिल्म त्यांच्या प्रवासाची. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एक होऊन जिथं पंचगंगा होते, त्या चिखलीपासून निघायचं. पंचगंगा कृष्णेला मिळेपर्यंत तिच्या काठानं, आणि पुढं कृष्णेच्या काठानं थेट आंध्रातल्या हंसलदीवीपर्यंत, म्हणजे बंगालच्या उपसागरापर्यंत जायचं. रस्त्यानं हजाराहून जास्त किलोमीटर.

सातही जण पंचविशीच्या आतले. कोण इंजिनिअरिंगला आहे, कोण नर्सिंगला. एकजण सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. इचलकरंजीच्या मुलाचे वडील यंत्रमाग कामगार आहेत. शिरोळ तालुक्यातल्या मुलीच्या घरचा ऊस आहे, आणि ते घर दोन्ही महापुरांत बुडालं होतं. जर्सीवर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. रात्रीचा मुक्काम देवळात, मठात नाहीतर शाळेच्या वर्गात.

(सायकलच्या कॅरिअरवर बांधलेली तबकडी.)

सामानात एक पत्र्याची तबकडी आहे, जेवणाच्या ताटाएवढी. तिचे चार भाग केलेत, दोन काळे, दोन पांढरे. मध्ये भोक पाडून दोरी ओवली आहे आणि दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या आहेत. तबकडी पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या आणि वहीत आकडा लिहायचा. पाणी किती नितळ आहे, ते डोळ्यांनी मोजायची ही जुनी पद्धत. सोबत पाण्यातला प्राणवायू तपासायचा एक किटही आहे. नदीत आंघोळ करायची तर लिटरभर पाण्यात निदान 5 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असायला हवा, असा आपल्या देशाचा निकष आहे.

प्रयागला तबकडी सोडली तेव्हा गाठी मोजत बसावं लागलं.

(कोल्हापूर शहर. जयंती नाला. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग.)

शहराचं सांडपाणी जयंती नाल्यानं नदीकडं येतं. ते उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात न्यायची सोय आहे. उपसा थांबला, की नाला थेट नदीत सांडतो. शहर स्वतः आता काळम्मावाडी धरणाचं पाणी पितं. त्या थेट पाइपलाइनसाठी कोल्हापूरकरांनी अनेक वर्षं आंदोलनं केली आणि 2023 मध्ये ते पाणी शहरात पोहोचलं. चांगलं पाणी मागणं हा कोल्हापूरचा हक्कच होता. पण आमच्या मते त्यानंतर पंचगंगेवरची आपली नजर थोडी ढळली. जी नदी आपण पीत नाही, ती खालची गावं पितात.

इचलकरंजीच्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. 2012 मध्ये त्याच्या शहरात काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. "आमच्या गल्लीत घरटी एक आजारी," तो पायडल मारता मारता सांगतो. "आई पाणी उकळून उकळून थकायची." त्याच्या शहराला आज दूधगंगेचं पाणी हवं आहे, त्यासाठी सुळकूडची योजना मंजूर आहे. दूधगंगेच्या काठचे शेतकरी म्हणतात, आमचं पाणी देणार नाही, तुमची पंचगंगा आधी नीट करा. पोरगा दोन्ही बाजूंना शिव्या देत नाही. "त्यांचं बी बरोबर हाय," एवढंच म्हणतो.

(तेरवाड बंधारा. काळं पाणी, जलपर्णी.)

तेरवाडला सायकली बंधाऱ्यावर टेकवल्या आणि आधी सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. तबकडी सोडली. पहिली गाठ पाण्याला लागायच्या आत ती दिसेनाशी झाली.

इथं काय होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या घालतात, आणि त्यामुळं नदीचं पाणी जागच्या जागी साठतं. ही आपल्याच जिल्ह्यानं दिलेली पद्धत, आणि तिच्यावर कितीतरी शिवारं हिरवी झाली. पण साठलेल्या पाण्यात वरून सांडपाणी येत राहिलं, कारखान्यांची मळी आली, कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं रंगीत पाणी आलं, तर ती घाण वाहून जात नाही. तिच्यावर जगणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात. मग कुठंतरी वरचे बरगे काढले जातात आणि साठलेलं सगळं काळं पाणी एकदमच खालच्या गावावर येतं. खालच्या गावाला ते कळतं, मेलेले मासे काठाला लागले की.

"उन्हाळ्यात आमच्यात बायका नदीवर जातच न्हाईत," शिरोळची मुलगी सांगते. "आज्जी म्हणती, पूर्वी हिचं पाणी ओंजळीनं पीत होतो. मला ते खरं वाटत न्हाई, पण आज्जी खोटं कशाला बोलंल?"

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पावसाळ्यात इथल्या दत्तमंदिरात पाणी शिरतं, पादुकांवरून वाहत जातं, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्याला गर्दी लोटते. पाण्याला देव मानणाऱ्या माणसांच्या उंबऱ्यापर्यंत आपण कसलं पाणी पाठवतो, हे घाटावर उभं राहून मनात आल्याशिवाय राहत नाही.

(राजापूर बंधारा. महाराष्ट्राची हद्द. नंतर कर्नाटकातले कृष्णाकाठचे रस्ते.)

राजापूरचा बंधारा हा कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा. त्यापुढं कर्नाटक. पाट्या बदलतात, ऊस तोच राहतो. समोरून पूर्वेचा वारा. या दिवसांत तो असाच असतो. सातजण एकामागं एक लागतात, पुढचा दमला की मागं येतो आणि दुसरा पुढं जातो.

काठाच्या वाटेवर वेड्या बाभळी आहेत. पंक्चर काढताना दुकानातल्या कारागिराचे हात बघण्यासारखे असतात. ट्यूब बाहेर काढली, की तो टायरच्या आतल्या बाजूनं हळूच बोट फिरवत जातो, डोळे मिटून. काटा बोटाला लागला की थांबतो. "ह्यो काढला न्हाई, तर नवी ट्यूब बी हितंच बसणार," तो म्हणतो, आणि पक्कडीनं सुईएवढा काटा ओढून सगळ्यांना दाखवतो.

जमखंडीजवळ चिक्कपडसलगीला एक बंधारा आहे. 1989 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सरकारची वाट न बघता वर्गणी काढली, अंगमेहनत केली आणि कृष्णेवर तो उभा केला. श्रमबिंदू सागर म्हणतात त्याला. पुढाकार सिद्दू न्यामगौडा यांचा, लोक त्यांना बॅरेज सिद्दू म्हणायचे, पुढं ते खासदारही झाले. आमची पोरं तिथं बराच वेळ थांबली. काठावरच्या एका घरातून हाक आली, "बर्री, ऊटा माडरी." ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. भाषा वेगळी, पण ताट घरचंच.

(अलमट्टी. धरणाची भिंत, पाण्याचा विस्तार.)

आता अलमट्टी, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. शिरोळमध्ये, सांगलीत हे नाव घेतलं तरी आवाज चढतो. धरणात पाणी साठवायची कमाल पातळी सध्या 519.6 मीटर आहे. दुसऱ्या कृष्णा पाणी तंटा लवादानं 2010 मध्ये ती 524.256 मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली, आणि पुराच्या भीतीनं महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. 2019 च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला पुराचं थेट कारण धरलं नाही. आमच्याकडच्या पूरग्रस्तांपैकी अनेकांना ते आजही पटलेलं नाही. या वादाचा निकाल ही फिल्म देणार नाही. पण सायकलवरून आलेल्या या पोरांनी जे केलं, ते दोन्ही राज्यांतल्या किती जणांनी केलं असेल? त्यांनी समोरच्याच्या ओट्यावर बसून त्याचं ऐकून घेतलं.

पुनर्वसनाच्या एका वस्तीत एक वृद्ध शेतकरी भेटले. सीमाभागात नात्यागोत्यानं वावरलेले, त्यामुळं मराठी कळणारे आणि बोलणारेही. पोरं त्यांना अज्जा म्हणायला लागली. त्यांनी जलाशयाकडं बोट केलं. त्यांचं जुनं गाव तिथं आहे, पाण्याखाली. घराचा चौकट तेवढा उपटून आणलेला, तो नव्या घराला बसवलाय. दारापेक्षा चौकट मोठा आहे, वरची फट विटांनी बुजवलेली आहे.

शिरोळच्या मुलीनं त्यांना आपल्या घराचं सांगितलं. भिंतीवरची पुराची खूण, भिजलेलं धान्य, छावणीतली म्हैस. अज्जांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्याकडं पाणी येतंय, आठ-पंधरा दिवसांनी जातंय. आमच्याकडं आलं, ते गेलंच न्हाई."

ती म्हणाली, "जातंय, अज्जा. पण जाताना घर घेऊन जातंय."

त्यावर दोघंही काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं अज्जांनी आत हाक मारून चहा सांगितला. संध्याकाळी निघताना त्यांनी तिला विचारलं, तुमच्याकडं पाऊस लागला की आम्हाला फोन करशील का? तिनं नंबर लिहून घेतला.

(कूडलसंगम. मग रायचूरकडचे लांब सरळ रस्ते.)

कूडलसंगमला मलप्रभा येऊन मिळते. महात्मा बसवेश्वरांचं ऐक्यस्थळ जलाशयात बुडू नये, म्हणून त्याभोवती विहिरीसारखी भिंत बांधली आहे. पायऱ्या उतरून खाली जायचं, चहूबाजूंनी पाणी, मध्ये कोरडी जागा. पुढं रायचूरच्या अलीकडं भीमा येते. पंढरपूरची चंद्रभागा हीच. पुण्याची मुळा-मुठा पोटात घेऊन, उजनीतून सुटून ती इथवर येते. म्हणजे अंबाबाईच्या गावचं आणि विठोबाच्या गावचं पाणी इथं एक होतं, आणि दोन्ही गावांनी त्यात सोडलेलं सगळंच एक होतं. हे नकाशावर प्रत्येकानं पाहिलेलं असतं. पण त्या काठावर उभं राहिल्यावर चिखलीच्या पोरानं हात जोडले, आणि ते कॅमेऱ्यासाठी नव्हते.

तेलंगणा, आंध्र आम्ही भराभर ओलांडतो. श्रीशैलमचा घाट मात्र भराभर ओलांडता येत नाही. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, 1677 मध्ये, छत्रपती शिवाजी महाराज या क्षेत्री आले होते. ते आठवून पोरांच्या पायांत बळ आलं, असं तीच सांगतात. जलाशय भरलेला, त्यामुळं संगमेश्वराचं देऊळ पाण्याखाली होतं. ते उन्हाळ्यात पाणी उतरल्यावरच दिसतं. मग नागार्जुनसागर, आणि विजयवाड्याचं 70 दरवाजांचं प्रकाशम बॅरेज. इथून कालवे फुटतात आणि त्रिभुज प्रदेशातली भातशेती पिकते.

(हंसलदीवी. नदीचं मुख, कोळंबीची तळी, मासेमारीच्या होड्या.)

वाटेत एवढ्या धरणांनी, कालव्यांनी पाणी घेतल्यावर कोरड्या वर्षी समुद्रापर्यंत फार थोडं पोहोचतं. नदी ढकलत नाही, तेव्हा समुद्र आत सरकतो. विहिरी मचूळ होतात, भाताच्या शेतात कोळंबीची तळी होतात. एका कोळ्यानं पोरांना विचारलं, तुम्ही कुठून आलात? दुभाष्यानं कोल्हापूर सांगितलं, त्याला ते ठाऊक नव्हतं. मग जमिनीवर काटकीनं नदी काढून दाखवली. त्यानं वरचं टोक बघितलं, खालचं बघितलं आणि म्हणाला, वरून जास्त सोडा. स्वच्छ सोडा, असं त्यानं शेवटी जोडलं.

(कोल्हापूर. एका घरातली बैठक. वह्या, नकाशा, मोबाइल.)

परत आल्यावर सत्कार झाले, फेटे बांधले गेले. ते आम्ही या फिल्ममध्ये ठेवलेलं नाही. आठवडाभरात सातजण पुन्हा बसले, आणि बोलणं एकाच गोष्टीवर आलं. कर्नाटकात एका बॅरेजवरच्या कर्मचाऱ्यानं त्यांना आपली वही दाखवली होती. दरवाजे उचलायच्या आधी खालच्या कोणत्या गावात कुणाला फोन करायचा, याची ती यादी होती. घामानं, तेलानं पानांचे कोपरे काळे पडलेले, काही नंबर खोडून नवे लिहिलेले.

आपल्याकडं बरगे काढायच्या आधी असा फोन खालच्या गावांना का येऊ नये? निदान दोन दिवस आधी कळलं, तर बायका पाणी भरून ठेवतील, पाणीपुरवठ्याचा पंप बंद ठेवता येईल, जनावरं नदीवर नेणार नाहीत. त्यानं नदी स्वच्छ होणार नाही, हे पोरांनाही माहीत आहे. त्यासाठी सांडपाणी अडवण्याची मागणी वेगळी सुरूच आहे, आणि वहीतले सगळे आकडे त्या मागणीला जोडले आहेत.

पण फोनची यादी आजच करता येते. त्यांनी ती करायला घेतली. रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडी. प्रत्येक ठिकाणचा एक माणूस आणि एक बाई, कारण पाणी बाई भरते. बरगे काढणाऱ्या कामगारांशी बोलणं झालंय, त्यांची तयारी आहे, वरून लेखी हुकूम हवा. अर्ज दिला आहे, पोच हातात आहे. मे महिन्यात पहिला फोन इचलकरंजीचा मुलगा तेरवाडला करणार, आणि राजापूरपर्यंतची पुढची साखळी शिरोळची मुलगी सांभाळणार. तिच्या यादीत राजापूरच्या खाली आणखी एक नंबर आहे, अलमट्टीच्या अज्जांचा.