गळ्यासाठी बांधलेलं घर

मंडळी, आमच्या गिरगावात ‘ऑपेरा हाऊसला भेटू’ म्हटलं की थिएटरात जायचंय असं कुणाच्या मनातही येत नसे. ते नाक्याचं नाव होतं, बसथांब्याचं होतं, हिरेबाजाराचं होतं. १९९३ पासून २०१६ पर्यंत थिएटरला कुलूप होतं. शाळेत जाताना त्या बंद दारावरून आम्ही रोज जायचो, पण आत काय आहे ते आम्हाला घरच्या म्हाताऱ्या माणसांकडूनच कळायचं.

इतिहास थोडक्यात सांगते. कोलकात्यातून नाटकधंदा करणारा मॉरिस बँडमन आणि कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी काराका या दोघांनी हे थिएटर उभारलं. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा काम अजून चालूच होतं. प्रयोग सुरू झाले ते १९१२ साली. झुंबरं आली ससून घराण्याच्या भायखळ्यातल्या ‘सां सुसी’ वाड्यातून. तिथे आज मसिना हॉस्पिटल आहे.

मला खरं बोलायचंय ते घुमटाबद्दल. तेव्हा माइक नव्हता. वर गॅलरीत स्वस्तातलं तिकीट काढून बसलेल्यालाही शब्द न् शब्द कळावा, ही जबाबदारी बांधणाऱ्याची होती. म्हणजे ही वास्तू गळ्यासाठी बांधली होती, आणि गळा कोणत्या देशाचा, हे घुमट विचारत नाही. ऑपेरासाठी बांधलेल्या या रंगमंचावर बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले. पुढे पृथ्वीराज कपूरांची नाटकं झाली. दरम्यान बोलपट आले, लाऊडस्पीकर आले आणि घुमटाचं काम संपल्यासारखं झालं. १९५२ साली गोंडलच्या राजघराण्याने ही वास्तू विकत घेतली. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि २०१६च्या ऑक्टोबरमध्ये दार उघडलं तेव्हा मुंबईतच जन्मलेल्या ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या.

मी तानपुऱ्याला बसते, म्हणून सभागृह मी कानाने ओळखते. एका नव्याकोऱ्या सभागृहात एसीचा झोत थेट तारांवर येत होता. दर दहा मिनिटांनी खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार, हलायचा, मी खुंटी पिळायची, मग तारेवरचा मणी सारायचा. गाणारे बुवा डोळे मिटून वाट बघत बसायचे. तिथे माइक उत्तम होता, पण जव्हारीचा, म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीवर तार घासून उमटणारा, तो गोल, भरीव नाद त्यातून पुढच्या रांगेपर्यंतसुद्धा पोचला नाही.

ऑपेरा हाऊस निदान वाचलं. ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात १९२१ साली केशवराव भोसले आणि बालगंधर्व टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. तो खेळ अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ते थिएटर आज दाखवता येत नाही. ऑपेरा हाऊसपासून हाकेच्या अंतरावर जिना हॉलमध्ये १९३६ साली कुमार गंधर्व नावाचा एक कोवळा मुलगा गायला आणि जाणकार थक्क झाले. एवढ्याशा टापूत केवढं गाणं झालंय!

म्हणून माझं एक मागणं आहे. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम आला आणि गिरगावच्या गणेशोत्सवातल्या रात्रभराच्या मैफली गेल्या. नियम योग्यच आहे, आजारी माणसाला झोप हवी. पण मालकंस आणि दरबारी हे रात्री उशिराचे राग आता आपण संध्याकाळी साडेसातला ऐकतो, आणि पहाटेचे ललत-भैरव फक्त सकाळच्या एखाद्या मैफलीत. बंदिस्त सभागृहाला या नियमात सवलत आहे. वर्षातून एकच रात्र या घुमटाखाली बैठक ठेवा. माइक नको, दोन तानपुरे पुरेत. रात्रीच्या बागेश्रीने सुरुवात करा, भैरवाला फटफटू द्या. गॅलरीतली शेवटची रांग मुलांसाठी राखून ठेवा. पहाटे चर्नी रोडवरून गाड्या सुरू झालेल्या असतात, विरार-कल्याणची माणसंसुद्धा घरी पोचतील.